पंचेचाळीस मनुके

४ नोव्हेंबर

पीठ पुरवणारा व्यापारी दर वर्षी मला एक जाडजूड डायरी भेट देतो. आजवरच्या डायऱ्या टेबलाच्या पायाखाली, पोत्यांखाली आणि खिडकीच्या फटीत कामाला आल्या. या वर्षीची आज पहिल्यांदा उघडली, कारण डॉक्टरांनी बजावलंय, "साहेबाच्या पोटात रोज काय काय जातं ते लिहून ठेवत चला."

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. खरं तर सुनेचा. लग्न होऊन आली तेव्हा दोन बॅगा आणि हा, असं सामान होतं. खाली आमची बेकरी, वर घर. हा पहिल्याच दिवशी खाली येऊन भट्टीसमोर बसला आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक ट्रेकडे असा बघू लागला की तपासणीला कुणी मोठा अधिकारी आलाय असं वाटावं. म्हणून मी साहेब म्हणू लागलो, आणि तेच रूढ झालं.

अडचण एवढीच की साहेब सध्या घरी नाही. तेव्हा त्याच्या पोटात काय जातं ते मला ठाऊक नाही. आजची नोंद संपली.

५ नोव्हेंबर

काय घडलं ते तरी लिहून ठेवावं, उगाच पुढे कुणी भलतंसलतं बोलायला नको.

एकतीस ऑक्टोबरला थंडीतला पहिला मनुक्यांचा बन भट्टीतून निघाला. हा बन आम्ही फक्त थंडीत करतो, आणि माझा मुलगा आता बेकरी बघत असला तरी पहिला घाणा मीच घालतो. साहेब समोर बसला होता. मी त्याला अर्धा बन दिला. अर्धाच. संध्याकाळी तो ओकायला लागला. सूनबाईने त्याला उचलून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी आणखी औषध देऊन सगळं बाहेर काढलं, दोन दिवस सलाईन लावलं. मनुका कुत्र्याला विष असतो म्हणे, मूत्रपिंडावर जातो. चाळीस वर्षं मनुके हाताळतोय, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तो वाचला. शेपूट हलवू लागला तेव्हा सूनबाईने आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं, "त्याला बन कुणी दिला?"

मी म्हटलं, "मी. अर्धा."

आमची ही लगेच म्हणाली, "यांना सवयच आहे." मुलगा भिंतीवरचा जंतांचा तक्ता वाचू लागला. तीन वेळा वाचला असेल. सूनबाईने साहेबाचा पट्टा हातात घेतला. दवाखान्यातूनच तिने साहेबाला आपल्या ताईकडे पोहोचवलं. "आपलं घर त्याच्यासाठी सुरक्षित नाही," एवढंच म्हणाली. ती 'तुम्ही' म्हणाली नाही, 'घर' म्हणाली. पण घर म्हणजे कोण, ते न समजण्याइतका मी दुधखुळा नाही.

माझं काही अडलेलं नाही. जिन्यावर केस पडत नाहीत, बरंच आहे.

७ नोव्हेंबर

आज डॉक्टरांकडे औषधाचा कागद आणायला गेलो, तर त्यांच्या मदतनीस बाई सहज म्हणाल्या, "पंचेचाळीस मनुके निघाले हो त्याच्या पोटातून. तुमच्या सूनबाईंनी मोजून घेतले माझ्याकडून." ती शाळेत गणित शिकवते, मोजणारच.

पण पंचेचाळीस?

आमच्या बनात नऊ मनुके असतात. कमी नाही, जास्त नाही. मधोमध एक आणि भोवती आठ, हाताने लावायचे, हा वडिलांचा नियम. अर्ध्या बनात चार. पाचवा तोडताना माझ्या बोटाला चिकटला, तो मी खाल्ला. पंचेचाळीसातून चार गेले, एक्केचाळीस राहिले. एक्केचाळीसला नवाने भागही जात नाही. मग हे आले कुठून?

विचार करकरून डोकं दुखायला लागलं. याचा अर्थ एकच. नियम मोडलाय. माझ्या मागे मुलगा एकेका बनात मूठ-मूठ मनुके कोंबतोय.

८ नोव्हेंबर

आज दुकानातले सहा बन गुपचूप मागे नेऊन फोडले. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ.

मुलाने पाहिलं. "बाबा, मनुके कशाला मोजताय?"

म्हटलं, "चोर पकडायचाय."

त्याच्या हातातून रिकामा ट्रे खाली पडला. चोराच्या मनात चांदणं. एवढा घाबरला म्हणजे नक्की काहीतरी आहे. पहिल्या घाण्यात मनमानी केली असणार आणि आता शहाण्यासारखा नवावर आला असणार.

१० नोव्हेंबर

पूर्वी दुपारी शाळेतून आली की सूनबाई दोन कप चहा घेऊन मागच्या पायऱ्यांवर यायची. एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये साहेब. ती वर्गातल्या गमती सांगायची, मी जुन्या गिऱ्हाइकांच्या. आता ती चहा वरच घेते. माझा कप ही आणून ठेवते आणि निघून जाते.

हिचंही काही कळत नाही. दहा वर्षं गुडघे धरून बसली होती, आता रोज संध्याकाळी पिशवी घेऊन फिरायला जाते. परत येते तेव्हा शालीवर आखूड तपकिरी केस. विचारलं तर म्हणाली, "लोकरीचे आहेत, हवेत फार उडतात हल्ली." असतील. हिला कुत्र्यांचा तिटकाराच आहे, साहेब जवळ आला की "हुडूत" करायची.

१२ नोव्हेंबर

खरं लिहायला हरकत नाही, वही माझी आहे. मला साहेबाची आठवण येते. आज ट्रे बाहेर काढताना सवयीने म्हटलं, "सरका साहेब," आणि समोर कुणी नव्हतं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ठरवलं. चुकलो बेकर म्हणून, तर दुरुस्तीही बेकर म्हणूनच करायची. साहेबासाठी थंडीतला त्याचा स्वतःचा खाऊ करायचा, असा की त्यावर डॉक्टरांना बोट ठेवायला जागा नको आणि सूनबाईने आपणहून म्हणावं, आणते त्याला घरी.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरांनी कुत्र्याला काय चालत नाही त्याची यादी दिली. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, साखर, मीठ, जायफळ, कांदा, लसूण, कॉफी, आंबवलेलं कच्चं पीठ, आणि ती साखरेऐवजी घालतात ती गोड पूड, ती तर कणभरही नको.

मी यादी दोनदा वाचली. म्हटलं, "डॉक्टर, ही यादी नाही, हे माझं दुकान आहे."

ते हसले. चालतं काय ते मागच्या बाजूला लिहून दिलं. उकडलेला लाल भोपळा, गाजर, ओट, अंडं, बिया काढलेलं सफरचंद. "आणि हे जेवण नाही, खाऊ आहे," म्हणाले, "दिवसाला दोन छोटे तुकडे, बस. नवीन पदार्थ आधी थोडाच द्यायचा आणि दिवसभर लक्ष ठेवायचं." सध्या बाजारात लाल भोपळ्यांचे ढीग लागलेत, तेव्हा मुहूर्त बरा आहे.

१५ नोव्हेंबर

पहिला घाणा. ओटाचं पीठ, भोपळ्याचा गोळा, एक अंडं. भाजला, थंड केला, तुकडा तोंडात टाकला. आमच्यात पहिला तुकडा भाजणाऱ्याने खायचा असतो.

छान लागला, आणि तिथेच मनात पाल चुकचुकली. यात साखर नाही, मीठ नाही, छान लागेल कसा? चव आली म्हणजे घोटाळा झाला. पुन्हा चाखला. जायफळ. मी घातलेलं नाही, शपथेवर सांगतो. पण किसणी ओट्यावर होती आणि चाळीस वर्षं भोपळा दिसला की हात आपोआप जायफळाकडे जातो. मला न विचारता. आपला हात जगन्नाथ म्हणतात, तो असा.

सगळा घाणा फेकून दिला. सूनबाई बरोबर बोलली होती, हा विचार मनातून जात नाही. वाईट हेतू नसतानाही माझा हात विष घालू शकतो.

१८ नोव्हेंबर

उपाय सापडला. जायफळ, मीठ, साखर, मनुके सगळं खाली बेकरीत ठेवलं आणि आमच्या वरच्या स्वयंपाकघरात फक्त डॉक्टरांच्या यादीतलं. हातांत लोकरी हातमोजे घातले, म्हणजे चिमूट धरताच येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा वजनकाटा वापरला. ही आकडा वाचायची, मी घालायचो.

"अहो, एकशे वीस झाले."

"मला दिसतंय."

"दिसतंय तर मला कशाला बसवलंय?"

"माझ्या हातांवर लक्ष ठेवायला."

तिने काट्यावर सांडलेलं पीठ पुसलं. मग म्हणाली, "आणि माझ्या हातांवर कोण ठेवणार?" हिचं हे नेहमीचंच, कशाचा कशाला संबंध नाही.

घाणा दगडासारखा निघाला. हातमोजे धुवायला टाकलेत, भोपळा सुटत नाही.

२३ नोव्हेंबर

तिसरा घाणा जमला. बाहेरून कडक, आत मऊ, आणि चव अशी की माणसाने पुन्हा मागू नये. म्हणजे अगदी बरोबर. गोल बन केले, मनुक्यांच्या जागी गाजराचे नऊ तुकडे. मधोमध एक, भोवती आठ. वडील असते तर त्यांनाही आवडलं असतं.

सूनबाई शाळेतून आली तेव्हा धीर करून ताटली पुढे केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्यापाशी थांबली.

"बाबा, हा दिसतो कसा?"

"आपल्या बनसारखा. हुबेहूब."

"म्हणूनच नको. शेजारी मनुक्यांचा ठेवलेला असेल, घाईत कुणीही चुकेल."

"मी आता नाही चुकणार, सूनबाई."

"मी तुमचं म्हणत नाही, बाबा. कुणीही म्हणतेय." तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. ती पटकन वर गेली. अजून किती राग आहे बघा, नुसत्या माझ्याशी बोलण्यानेसुद्धा रडू येतं तिला.

पण मुद्दा बिनतोड होता. आकार बदलायला हवा.

२४ नोव्हेंबर

त्रिकोणी केले. दुकानात आमचं काहीही त्रिकोणी नाही. गाजराचे तुकडे नऊच, तीनच्या तीन ओळी. नियम तो नियम.

२६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी एक त्रिकोण उलटासुलटा करून पाहिला, कशात काय ते विचारलं आणि "हरकत नाही" म्हणाले. मी डबा घेऊन तडक सूनबाईच्या ताईकडे गेलो. तसा मी यापूर्वीही तिकडून दोन-चारदा गेलोय, पिठाच्या गोदामाची वाट तिकडूनच आहे. थोडा वळसा पडतो.

दार उघडलं तर आत आमची ही. गालिच्यावर बसलेली, आणि साहेबाचं डोकं तिच्या मांडीवर.

"इकडून चालले होते," ती म्हणाली, "तहान लागली म्हणून आले. हा आपणहून येऊन पडला अंगावर. हुडूत."

साहेब मला बघून उठला. दोन पाय माझ्या छातीवर ठेवले, आणि मग मी जे काही केलं ते इथे लिहीत नाही. म्हातारा माणूस आहे, थोडं रडू आलं.

एक तुकडा दिला. हुंगला. माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि गिळला. चावलासुद्धा नाही. दोन दिवस खपून केलेला कडकपणा कुणी बघितलाच नाही. दुसऱ्यासाठी पुढचा पाय वर केला, पण पहिलाच दिवस, म्हणून डबा बंद केला.

हिची तहान बरीच मोठी असावी, माझ्याबरोबर निघायला तिला आणखी अर्धा तास लागला.

२७ नोव्हेंबर

साहेबाचं पोट ठीक आहे, ताईंनी कळवलं.

३ डिसेंबर

आज मुलाला समोर बसवून सरळ विचारलं, "पहिल्या घाण्यात जास्तीचे मनुके तू टाकलेस ना?"

तो चक्रावला. "नाही बाबा. नऊच असतात."

"मग पंचेचाळीस निघाले कसे?"

"बाबा, तुम्हाला खरंच कळत नाहीये?"

"काय?"

"काही नाही. मी सफरचंदं चिरून देऊ का तुम्हाला? बिया काढून?"

गेल्या दहा दिवसांत याने मला भोपळे सोलून दिले, गाजरं किसून दिली, वजनकाटा पुसून दिला. लहानपणी काच फुटली की असाच घर झाडायचा. पण बनाची शपथ घेतो म्हणाला, तेव्हा मनुके जास्त नव्हते हे मानायला हवं. कोडं तसंच राहिलं.

१४ डिसेंबर

सूनबाईने जेवताना सांगितलं, रविवारी साहेबाला आणते. मी पाणी पीत होतो, ठसका लागला.

पण एक अट. डॉक्टर म्हणालेत तसं लिहून ठेवायचं. वही सगळ्यांच्या हाताशी राहील, आणि साहेबाला कुणीही काहीही दिलं तर त्या तारखेच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहायचं. कोण, काय, किती.

"बाबांची डायरी आहेच," ती म्हणाली. "तीच ठेवू या."

मग मागची पानं रबर लावून बंद केली आणि वर चिठ्ठी डकवली : ही पानं खासगी आहेत, वाचू नयेत. आमच्या घरात सगळी समजूतदार माणसं आहेत.

१८ डिसेंबर

वही फडताळाशेजारी टांगली. आज रबर दुसऱ्या पद्धतीने गुंडाळलेलं दिसलं. रबर सैल झालं असेल.

२० डिसेंबर

साहेब आला. आधी घरभर फिरून सगळं जागेवर आहे का ते तपासलं, मग खाली जाऊन भट्टीसमोर बसला. मनुक्यांचे बन आता काचेच्या कपाटात, कडी लावून. त्रिकोणांचा डबा वर वेगळा.

त्रिकोण, एक. (मी.)

त्रिकोण, एक. (सून.)

त्रिकोण, अर्धा, कारण दोन झाले होते आणि तो फारच बघत होता. उद्या अर्धा कमी देणे. (मुलगा.)

मी काहीही दिलेलं नाही. मला कुत्री आवडत नाहीत. (सासूबाई.)

२२ डिसेंबर

रबर आज जमिनीवर पडलं होतं.

२३ डिसेंबर

सकाळी आजचं पान काढायला वही उघडली, तर ती मागे, एकतीस ऑक्टोबरवर उघडली. मध्ये चहाचा चमचा खूण म्हणून ठेवलेला. ते पान माझं कोरं होतं. आता नव्हतं. जसंच्या तसं इथे उतरवतो.

"३१ ऑक्टोबर. मनुक्यांचा बन, एक. सकाळी शाळेत जाताना दिला, तो माझ्यामागे जिन्यापर्यंत आला म्हणून. दवाखान्यात पंचेचाळीस हा आकडा ऐकला तेव्हाच कळलं की पाच बन झालेत आणि पहिला माझा आहे. कुणी दिला असं विचारलं ते मी बोलावं म्हणून धीर गोळा करत होते, तेवढ्यात तुम्ही 'मी' म्हणालात आणि मला लाज वाटली. तुमच्याजवळ चहाला बसायला तोंड नव्हतं, बाबा. (सून.)"

"बन, एक. दुकान उघडताना. ट्रे पडला तेव्हाच सांगणार होतो. (मुलगा.)"

"बन, दोन. दुपारी. तुम्ही झोपला होतात. वर 'यांना सवयच आहे' असं मीच म्हणाले, ते मला आजवर खुपतंय. शालीवरचे केस लोकरीचे नव्हते, आणि ते खरं मानणारा माणूस जगात तुम्ही एकच. (सासूबाई.)"

मी भट्टीसमोरच्या स्टुलावर बसून ते पान पुष्कळ वेळा वाचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दीड महिना मी चोर शोधत होतो. राग यायला हवा होता, तो येईना. एकट्याच्या डोक्यावरचं ओझं चौघांनी धरलं की किती हलकं होतं, तेवढंच वाटत राहिलं.

मग हिशोब केला. सुनेचा एक, मुलाचा एक, हिचे दोन. चार बन, छत्तीस मनुके. पंचेचाळीसातून छत्तीस गेले, राहिले नऊ. पानाच्या अगदी तळाशी सूनबाईच्या सुबक अक्षरात, शिक्षिका वहीत खूण करते तशी एक ओळ होती : "बाबा, एक्केचाळीसला नवाने भाग जात नाही हे तुमचं बरोबर आहे. पुन्हा एकदा तपासावं."

वर पाहिलं तर ती दारात उभी होती, हातात दोन कप. शाळेला सुट्टी लागलीय. साहेब उठून तिच्या पुढेपुढे मागच्या पायऱ्यांकडे चालू लागला, आणि मधली जागा धरून बसला.

मी पेन्सिल घेतली. पान भरत आलं होतं, पण एक ओळ मावत होती.

"बन, एक. अख्खा. (मी.)"